सिकलसेलच्या मुलांची प्रत्येक कावीळ ‘नेहमीची’ नसते

सिकलसेल असलेल्या मुलाचे डोळे थोडेफार पिवळे असतातच, हे विदर्भात किंवा सातपुड्यात काम करणाऱ्या कोणत्याही आशाताईला ठाऊक असते. घरच्यांनाही त्याची सवय झालेली असते, आणि नेमकी ही सवयच कधी कधी मुलाच्या जिवावर बेतते. एखाद्या आठवड्यात तो पिवळेपणा गडद होतो, उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागतात, अंगाला खाज सुटते, शौचाचा रंग उतरून ते मातकट पांढरे होते. ही कावीळ नुसती रक्तपेशी फुटल्याने झालेली नसते; पित्तनलिकेत खडा अडकल्याची शक्यता तिथे सर्वांत आधी मनात यायला हवी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल इथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, ही त्याची उद्दिष्टे आहेत. तपासणी हवीच. पण ज्या मुलांना हा आजार आहे हे आपल्याला आजच माहीत आहे, त्यांच्या पोटाची सोनोग्राफी ठरावीक वयापासून नियमित व्हावी, आणि खड्याने पहिल्यांदा त्रास दिला की उपचार ठरवून, तयारीनिशी व्हावेत, एवढी मागणी या अभियानाच्या मुख्य कामातच बसते असे माझे ठाम मत आहे.

हे खडे होतात कसे, ते आधी पाहू. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते आणि यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. रोज एवढ्या पेशी फुटत राहिल्या की पित्तात त्या द्रव्याचा भार वाढतो, कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन साका धरतो आणि त्यातून काळे, ठिसूळ खडे बनतात. चाळिशीतल्या माणसांच्या पित्ताशयात सापडणारे कोलेस्टेरॉलचे खडे वेगळे. तेलकट खाण्याशी किंवा वजनाशी या मुलांच्या खड्यांचा काही संबंध नसतो, त्यामुळे ‘काय खायला घालता याला?’ असा प्रश्न आईला विचारणे अन्यायाचे आहे. थॅलेसेमिया आणि स्फेरोसायटोसिस या आजारांतही हेच घडते. ज्यांच्या यकृतात बिलिरुबिनवर प्रक्रिया करण्याची क्षमता जन्मतःच थोडी कमी असते, म्हणजे गिल्बर्ट सिंड्रोम असतो, त्यांच्यात खडे लवकर होतात. दहाव्या वर्षाच्या आत काही मुलांत आणि विशीपर्यंत कितीतरी अधिक जणांत ते आढळतात. हे खडे बारीक आणि संख्येने पुष्कळ असल्याने पित्ताशयातून घरंगळून मुख्य नलिकेत उतरतात. नलिकेच्या खालच्या टोकाशी स्वादुपिंडाची नळी येऊन मिळते. खडा तिथे रुतला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. सिकलसेलमध्ये मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी झालेली असते, म्हणजे जंतूंशी लढणारा एक मोठा पहारेकरी आधीच गेलेला असतो. अशा मुलाला नलिकेतला संसर्ग दोन-चार दिवसही परवडत नाही.

तरीही वेळ जातो, कारण लक्षणे फसवी असतात. पोटात दुखले की तो ‘सिकलचा त्रास’ समजून वेदनाशामक दिले जाते, आणि पुष्कळदा तो खरोखरच सिकलचा त्रास असतोही. कावीळ वाढली की गावातल्या झाडपाल्याच्या औषधाकडे पावले वळतात. हळद, तेल, डाळ बंद होते आणि आधीच अशक्त असलेले मूल आणखी खंगते. प्राथमिक आरोग्य केंद्रात बिलिरुबिन तपासले जाते, पण एकूण आकडा या मुलांत एरवीही वाढलेलाच असतो. पाहायचा असतो तो त्यातला ‘डायरेक्ट’ भाग, म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेले पण बाहेर पडायला वाट न मिळालेले बिलिरुबिन. पित्त अडले की रक्तात वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज हाडे वाढत असलेल्या मुलांत एरवीही जास्त असते, म्हणून जीजीटी ही रक्तचाचणी अधिक भरवशाची. लघवीच्या रंगावरही विसंबता येत नाही, कारण पेशी फुटल्या तरी ती गडद होते. शौचाचा रंग उतरला का, हा प्रश्न मात्र आशाताई दारात उभ्या उभ्या विचारू शकते; त्याला पैसा लागत नाही, यंत्रही लागत नाही.

आता प्रतिमातपासणीविषयी थोडे विस्ताराने, कारण इथेच सर्वाधिक गैरसमज आहेत. सोनोग्राफीत पित्ताशयातला खडा स्पष्ट दिसतो: पांढरा ठिपका, त्यामागे काळी सावली, आणि मुलाला कुशीवर वळवले की जागा बदलणारा. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, मूल थोडे हलले तरी चालते. पण नलिकेचे खालचे टोक आतड्याच्या मागे दडलेले असते आणि आतड्यातली हवा तिथली प्रतिमा पुसून टाकते. म्हणून सोनोग्राफीत नलिकेतला खडा दिसला तर तो आहे असे म्हणता येते. दिसला नाही तर तो नाहीच, असे म्हणता येत नाही. नलिका फुगलेली दिसणे आणि डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेले असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुढची पायरी एमआरसीपी. चुंबकीय तपासणीच्या या प्रकारात पित्तासारखे द्रव पांढरेशुभ्र उजळते आणि खडा त्यात काळ्या पोकळीसारखा दिसतो. यातही क्ष-किरण नाहीत. अगदी बारीक खडा मात्र निसटू शकतो. लहान मुलाला झोपेचे औषध द्यावे लागले तर काही तास उपाशी ठेवावे लागते, आणि सिकलसेलच्या मुलाला कोरडे पडू देणे म्हणजे नव्या त्रासाला आमंत्रण. तेव्हा सलाईन सुरू ठेवूनच त्याला यंत्रात न्यायला हवे. सीटी स्कॅनने मुलाला किरणोत्सर्ग होतो आणि सगळे खडे दिसतातच असेही नाही. आणखी एक बारकावा नेहमी विसरला जातो. तापात या मुलांना सर्रास दिले जाणारे सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक काहींच्या पित्ताशयात साचून हुबेहूब खड्यासारखे दिसते आणि औषध थांबल्यावर काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होते. इंजेक्शनांचा कोर्स नुकताच झालेल्या मुलाचा सोनोग्राफी अहवाल हातात घेऊन थेट शस्त्रक्रियेकडे धावणे चूक आहे.

ईआरसीपी ही तपासणी नव्हे, तो उपचार आहे, हे या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगायला हवे. दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत नेऊन नलिकेच्या मुखाशी छेद द्यायचा आणि फुगा किंवा जाळी वापरून खडा आतड्यात ओढून काढायचा, हे तंत्र १९७४पासून वापरात आहे आणि अनुभवी हातांत मुलांनाही ते लाभदायक आहे. पण त्यातून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. नलिकेत खडा आहे की नाही, एवढेच पाहण्यासाठी मुलाला त्या धोक्यात घालू नये. खडा आहे हे एमआरसीपीने दाखवले, किंवा संसर्गामुळे थांबायला वेळच नसेल, तर ईआरसीपी. आणि त्यानंतर शक्यतो त्याच मुक्कामात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढणे. पित्ताशय तसेच ठेवून घरी पाठवले तर दुसरा खडा तीच वाट धरतो.

या सगळ्यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो पुराव्यावर उभा आहे. जमैकात १९७३ ते १९८१ या काळात जन्मलेल्या १ लाख बाळांची तपासणी करून सिकलसेल असलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. त्यांतील ९६ जणांत पित्ताचे खडे आढळले, पण खड्यांच्या नेमक्या त्रासामुळे शस्त्रक्रिया लागली ती फक्त ७ जणांना. मग मुके खडे शोधायचेच कशाला? शोधले की कुणीतरी ते काढणारच, आणि सिकलच्या दुखण्यासाठी नाहक पित्ताशय जाईल. ही भीती रास्त आहे आणि म्हणूनच त्रास न देणारा खडा काढू नये, हे मला मान्य आहे. अमेरिकेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. पण शोधणे वेगळे, काढणे वेगळे. खडे आहेत ही नोंद आधीच असेल तर त्या मुलाच्या पुढच्या पोटदुखीकडे पाहण्याची डॉक्टरांची नजर बदलते, आणि शौच पांढरे झाले तर थांबायचे नाही हे आईला आधीच सांगता येते. शिवाय त्या अभ्यासातली मुले एका तज्ज्ञ केंद्राच्या सतत देखरेखीखाली होती. गडचिरोलीतल्या भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. ‘त्रास झाला की या’ हा सल्ला जिथे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे तिथे शहाणपणाचा असेल. जिथे वाट बघण्याचीच किंमत सर्वांत जास्त आहे तिथे तो पुरेसा नाही.

दुसरा आक्षेप शस्त्रक्रियेच्या धोक्याचा. सिकलसेलमध्ये भूल आणि शस्त्रक्रियेनंतर छातीची गंभीर गुंतागुंत होऊ शकते, हे खरेच. पण हा धोका तयारीने कमी होतो. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेआधी रक्त न दिलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्क्यांना महत्त्वाची गुंतागुंत झाली, तर आधी रक्त दिलेल्या गटात ती १५ टक्क्यांना झाली. हिमोग्लोबिन १०च्या आसपास आणणे, गटाशी नीट जुळणारे रक्त मिळवणे, आदल्या रात्रीपासून सलाईन, ऊब, प्राणवायू, नंतर श्वासाचे व्यायाम: हे सारे ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतच जमते. मध्यरात्री संसर्ग होऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत रक्ताची पिशवी शोधण्यातच वेळ जातो. सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू असले की पेशी फुटण्याचे प्रमाण घटते, म्हणून ते चालूच ठेवावे. पण झालेला खडा त्याने विरत नाही, आणि कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर दिल्या जाणाऱ्या गोळ्याही या काळ्या खड्यांवर चालत नाहीत.

उरला प्रश्न साधनांचा. सोनोग्राफी यंत्र गाडीत घालून पाड्यापाड्यावर नेणे सोपे नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत. म्हणून यंत्राने मुलांकडे नव्हे, तर मुलांनी यंत्राकडे यावे. सिकलसेलची मुले हायड्रॉक्सियुरियासाठी आणि रक्ततपासणीसाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात येतातच. आठव्या वर्षापासून, वर्षातल्या अशा एका फेरीत दहा मिनिटांची सोनोग्राफी जोडली तर वेगळा प्रवास पडत नाही, वेगळी मजुरी बुडत नाही. एमआरसीपी आणि ईआरसीपी प्रत्येक जिल्ह्यात लागणार नाहीत. विदर्भासाठी नागपूर, खानदेशासाठी नाशिक किंवा मुंबई असे एकेक केंद्र नेमून द्यावे, जिथे लहान मुलांचे शल्यविशारद, मुलांवर ईआरसीपी करणारे डॉक्टर आणि रक्तपेढी यांचा आपसात संपर्क असेल. मुलाला पाठवण्याआधी फोन जावा आणि रक्ताचा गट आधीच कळवला जावा. सिकलसेल कार्डावर आज रक्ताचा अहवाल असतो. त्याखाली शेवटच्या सोनोग्राफीची तारीख, खडे आहेत की नाहीत आणि मुलाचे नेहमीचे डायरेक्ट बिलिरुबिन किती, एवढे लिहायला जागा करावी. पित्ताशय काढलेल्या मुलांच्या कार्डावरही हे रकाने राहू द्यावेत, कारण रक्तपेशी फुटणे थांबलेले नसते आणि नलिकेत पुन्हा खडा होऊ शकतो.