गाडीच्या विम्याचा कागद वाचलाय का?

मैत्रिणींनो, मलकापूर-नांदुऱ्याच्या मधलं आमचं वडनेर भोलजी महामार्गावरच आहे. जुना ६ नंबर, आताचा ५३. रात्री रोही नाहीतर रानडुक्कर आडवं येतं, चालवणारा स्टिअरिंग फिरवतो आणि गाडी रस्त्याखाली उतरते. अशा अपघातात भांडायला समोर दुसरी गाडी नसते. भरपाई मिळाली तर आपल्याच विम्यातून. पण तो विमा कोणता, हे घरातल्या किती बायकांना ठाऊक असतं?

कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. आपलं बोनेट, आपली काच त्यात येत नाही. त्यासाठी 'फुल' विमा लागतो.

अपघात झाल्यावर गाडी हलवण्याआधी फोटो काढा. त्याच दिवशी कंपनीला फोन करा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला गाडी खोलू देऊ नका. कोणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याचं कुंपण, खांब मोडला असेल तर पोलिसांत नोंद हवीच. सगळे पैसे मात्र मिळत नाहीत. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांची निम्मीच किंमत धरतात. शिवाय क्लेम घेतला की पुढच्या वर्षीची 'नो क्लेम बोनस'ची सूट जाते, आणि ती २० ते ५० टक्क्यांपर्यंत असते. तेव्हा किरकोळ पोचा असेल तर आधी हिशेब करा.

आणखी एक. गाडी बाईच्या हातून ठोकली की फॉर्मवर नवऱ्याचं नाव लिहा, असा सल्ला हमखास मिळतो. कशाला? मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्सवर कोणीही गाडी चालवली तरी 'फुल' विमा चालतो. उलट खोटं नाव उघडकीस आलं तर क्लेमच बुडतो.

आता जिवाचं बोलू. कर्नाटकात २०१४ मध्ये कार उलटून चालवणारा गेला. घरच्यांनी ८० लाखांची भरपाई मागितली. चूक त्याच्याच बेदरकार चालवण्याची, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती नाकारली. अशा वेळी उपयोगी पडतं ते मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण. पण ते गाडी ज्याच्या नावावर त्यालाच. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवणारी तुम्ही, तर तुम्हाला ते नाही. तुमच्यासाठी आणि गाडीतल्या मुलाबाळांसाठी ते वेगळं घ्यावं लागतं.

आपल्याकडे दागिन्यांचा डबा बाईकडे आणि विम्याचा कागद पुरुषाकडे, अशी वाटणी असते. संकट आलं की दवाखान्यात धावणारी आणि कागद शोधणारी मात्र तीच. म्हणून आजच गाडीच्या कप्प्यातला तो कागद काढा. विमा कोणता, मुदत कधी संपते आणि वारस म्हणून नाव कोणाचं, एवढं तरी वाचा. नाव जुनंच राहिलं असेल तर बदलून घ्या.