विश्लेषण : वृद्धांचे मनोविकार ओळखण्यासाठी डॉक्टरांचे ऑनलाइन गट का हवेत?

‘आता वय झालं’ या एका वाक्यात ज्येष्ठांचे नैराश्य, विस्मरण आणि गोंधळलेपण गुंडाळले जाते. यांतील फरक ओळखण्याची पहिली संधी बहुधा फॅमिली डॉक्टरलाच मिळते. त्याला ते शिकवायचे कसे, हा आता कळीचा प्रश्न आहे.

प्रश्न किती मोठा?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. देशात लाखामागे मनोविकारतज्ज्ञ मात्र ०.७५ एवढेच. वृद्धांच्या मनोविकारांसाठी स्वतंत्र विभाग असलेल्या संस्था तर मोजक्याच आहेत.

चूक कुठे होते?

स्मृतिभ्रंश महिने-वर्षे हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत अचानक आलेल्या गोंधळामागे मात्र मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम कमी होणे किंवा नवे औषध असू शकते. अशा रुग्णाला झोपेची गोळी दिली, तर गोंधळ वाढतो आणि पडून हाड मोडण्याचा धोकाही. दुसरीकडे, नैराश्यातही विसरभोळेपणा येतो, पण ते उपचारांनी सुधारू शकते.

गटातून शिकणे म्हणजे काय?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठातील यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. ठरलेल्या दिवशी गावोगावचे डॉक्टर व्हिडिओवर एकत्र येतात. एक जण रुग्णाचे नाव न सांगता त्याची माहिती मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात, तज्ज्ञ सल्ला देतात. उपचारांची जबाबदारी मूळ डॉक्टरकडेच राहते. पुढच्या बैठकांत तोच डॉक्टर रुग्णाचे काय झाले ते सांगू शकतो. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणासाठी हीच पद्धत वापरली आहे.

वेबिनार पुरेसे का नाहीत?

महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. व्याख्यानाला हजर राहूनही गुण जमतात. पण नुसत्या व्याख्यानाने उपचारांची सवय फारशी बदलत नाही, चर्चा आणि सराव असेल तर बदलू शकते, असा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘जामा’ नियतकालिकातील आढाव्याने काढला होता. ज्येष्ठांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. मधुमेह, रक्तदाब, आठ-दहा गोळ्या, एकटेपणा आणि थकलेली सून हे सारे एकाच रुग्णात येते. एका तासाच्या स्लाइडमध्ये ते मावत नाही.

यश कसे मोजायचे?

‘इको’च्या हेपॅटायटिस-सी रुग्णांत ५८.२ टक्के, तर विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के बरे झाल्याचे २०११ मध्ये दिसले. तिथे रक्ततपासणीने निकाल कळत होता. स्मृतिभ्रंशात ती सोय नाही. म्हणून केवळ ‘डॉक्टरांचा आत्मविश्वास वाढला’ यावर समाधान मानता येणार नाही. अनावश्यक झोपेच्या गोळ्या कमी झाल्या का, नैराश्य वेळेत ओळखले गेले का, सांभाळणाऱ्यांना आधार मिळाला का, हे तपासावे लागेल.

अडचण वेळेचीही आहे. संध्याकाळची ओपीडी सोडून दर पंधरवड्याला तासभर बसणे छोट्या गावातील डॉक्टरला परवडणारे नसते. गुण देताना हजेरीपेक्षा मांडलेल्या आणि पाठपुरावा केलेल्या रुग्णांना वजन दिले, तर तो तास वाया गेला असे त्याला वाटणार नाही. त्याचा खरा लाभ ‘वय झालं’ म्हणून घरी परत पाठवल्या जाणाऱ्या आजी-आजोबांना होईल.