आधी पाणी, मग प्राणी

मॅन्टिस श्रिम्प पाळायचा असेल तर पहिला महिनाभर नुसतं खारं पाणी पाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ऐकायला वेडगळ वाटेल, पण सध्या आमच्या हॉलमध्ये हेच चालू आहे. ४० लिटरची काचेची टाकी, तळाला वाळू, चार दगड, पीव्हीसी पाइपचा एक तुकडा, आणि आत कोणीच नाही. घरी येणारा प्रत्येक जण वाकून दोन मिनिटं शोधतो आणि मग माझ्याकडे संशयाने बघतो :-)

ज्यांना हा प्राणी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नावात श्रिम्प असलं तरी ही कोळंबी नव्हे, घराणं वेगळं. पुढचे पाय प्रार्थनाकीटकासारखे दुमडलेले असतात म्हणून हे नाव. काही जातींचे पाय भाल्यासारखे, काहींचे हातोडीसारखे. शीला पटेक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मोजलं तेव्हा हातोडीवाल्या मोर-मॅन्टिसचा ठोसा सेकंदाला २३ मीटरपर्यंत पोचला होता. म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर, आणि तोही पाण्यात! १९९८ साली इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयातल्या 'टायसन'ने तर टाकीची पाव इंची काच फोडली. शिवाय डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशींचे बारा प्रकार, आपल्याकडे तीन. (२०१४ साली क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात तो आपल्यापेक्षा बराच कच्चा निघाला. हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.)

तर घोळ इथेच होतो. व्हिडिओ बघून माणूस प्राण्याच्या प्रेमात पडतो, पाण्याच्या नाही. माझा एक मित्र म्हणाला, "टाकी, मीठ, प्राणी सगळं एकदमच आणू, एका शनिवारात काम खल्लास." काम नाही, प्राणी खल्लास होईल.

कारण अगदी साधं आहे. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य, ते थोडं थोडं पाणी बदलून काढता येतं. पण हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत हळूहळू वाढतात, साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी कोळंबीचा एक तुकडा टाकीत सडू दिला आणि टेस्ट किटने आकडे लिहीत बसलोय. अमोनिया चढला, उतरला, आता नायट्राइट चढलंय. दोन्ही शून्यावर येईपर्यंत आत कोणी जाणार नाही. आपण टेस्टिंगशिवाय कोड प्रॉडक्शनला टाकत नाही (निदान तसं सांगतो तरी!), मग जिवंत प्राणी का टाकायचा?

दुसरा गैरसमज म्हणजे "छोटी टाकी, छोटी कटकट". उलट आहे हो! पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. हिशोबच बघा. लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेलं ४० लिटर पाणी. पुण्यातला मे महिना, पाणी २५-२६ अंशांवर राहावं म्हणून वर पंखा. समजा रोज एक लिटर वाफ होऊन उडतं. मीठ उडत नाही. तुम्ही तीन दिवस गावाला गेलात की राहिलं ३७ लिटर, आणि क्षारता ३५ वरून जवळपास ३८. चारशे लिटरच्या टाकीत तेवढंच पाणी उडालं तर फरक कळतसुद्धा नाही. म्हणून रोज पाणी भरायचं, तेही आरओचं आणि गोडं. खारं पाणी ओतलं तर मीठ वाढतच जाणार.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. मोर-मॅन्टिस सतरा-अठरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला ४० लिटर म्हणजे खुराडं. छोट्या टाकीत छोटी जातच हवी. दगड आधी थेट काचेवर ठेवायचे, वाळू नंतर, कारण हा गडी खोदतो आणि वाळूवर रचलेले दगड त्याच्याच अंगावर कोसळतात. तांबं असलेलं माशांचं औषध टाकीच्या आसपासही नको. 'जिवंत दगड' म्हणून कोणी प्रवाळाचा तुकडा देऊ केला तर घेऊ नका. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. साधे कोरडे दगड घ्या, जिवाणू त्यांच्यावरही वाढतात. आणि कात टाकायच्या वेळी तो बिळाचं तोंड बंद करून दिवसच्या दिवस दिसत नाही. मेला की काय म्हणून दगड उचकटू नका, त्या वेळी त्याचं कवच मऊ असतं.

आता नेहमीचा आक्षेप. "अरे, कोकणात ट्रॉलरच्या जाळ्यात याचे भाऊबंद ढिगाने येतात, त्यांचं खत होतं. तुझ्या एकाचं काय घेऊन बसलास?" जाळ्यात येतात हे खरंच आहे, आणि ते चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण जाळ्याला कोण आलं ते माहीत नसतं. मी मात्र एकाला निवडून, पैसे देऊन, घरी आणणार. दुकानात येणारे मॅन्टिस जवळपास सगळे समुद्रातून पकडलेलेच असतात, शेतीसारखी त्यांची पैदास होत नाही. त्यामुळे माझ्या घाईने एक मेला तर त्याच्या जागी दुसरा समुद्रातूनच येणार.

मग पाळायचाच कशाला? हा प्रश्न मला पडत नाही असं नाही. माझं उत्तर एवढंच, की ज्याला रिकाम्या टाकीचा महिना जड जातो त्याने खरंच पाळू नये. हा प्राणी दिवसातला बराच वेळ बिळात बसतो, दिसलाच तर दोन डोळे दिसतात. त्याला शोभेसाठी आणणारा तिसऱ्या आठवड्यात कंटाळतो आणि मग पाणी भरायचं राहून जातं. रोजचं एक लिटर पाणी आणि आठवड्याचे आकडे ज्याला महिनाभर जमले, त्याला पुढची काही वर्षंही जमतील. बाकीच्यांनी व्हिडिओ बघावेत, तिथे ठोसा स्लो मोशनमध्ये दिसतो.