सारांश नको, आराखडा हवा

तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला आणि रोवणीला अजून अवकाश होता, तेव्हा मूल तालुक्यातल्या एका गावात आम्ही वनहक्क कायद्यावर दोन दिवसांची बैठक घेतली. जमलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिकजणींच्या फोनमध्ये कायद्याचे पुस्तक आधीच येऊन पडले होते. कुणीतरी पाठवले, यांनी ठेवून घेतले. उघडून पहिल्या पानापुढे मात्र एकही गेली नव्हती. अक्षर मुंगीएवढे, मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर पळते आणि बोटाने कधी डावीकडे, कधी उजवीकडे ओढत बसावे लागते. एकजण म्हणाली, "पुस्तक हाये बाई, पन ते फोटोवानी हाये. त्याच्यात आपल्याले काई लिहिता येत नाई."

तिचे म्हणणे अगदी खरे होते. त्यात तिला काहीच लिहिता येत नव्हते.

फोनमध्ये त्या पुस्तकासोबत आणखी एक वस्तू होती: एका संस्थेने काढलेला दोन पानी सारांश. भाषा सोपी, अक्षर मोठे. तो सगळ्यांनी वाचला होता. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा हवा, आदिवासी नसाल तर तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागेल, वनहक्क समिती नेमायची, अर्ज कुठे द्यायचा. सगळे नीट होते. बायकोच्या नावाबद्दल मात्र एक अक्षर नव्हते. मूळ कायद्याच्या कलम ४ मधल्या पोटकलम (४) मध्ये स्वच्छ लिहिले आहे की विवाहितांच्या बाबतीत हा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा, आणि घराची प्रमुख एकटी व्यक्ती असेल तर तिच्या एकटीच्या नावे. दाव्याच्या नमुन्यातही जोडीदाराच्या नावासाठी वेगळा रकाना आहे. सारांश करणाऱ्याने हे मुद्दाम गाळले असे मी म्हणणार नाही. त्याला ते महत्त्वाचे वाटले नाही, इतकेच. पण महत्त्वाचे काय हे त्याने ठरवले, आणि त्या गावातल्या बायका दोन वर्षे त्या दोन पानांनाच कायदा समजत राहिल्या.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीतही हे काही कमी घडलेले नाही. सायक्लोस्टाईल केलेल्या पुस्तिकांच्या काळापासून आपण 'सोपे करून' सांगत आलो. त्याची गरज होती, आजही आहे. पण सोपे करताना वजाबाकी आपण करतो, आणि काय वजा केले हे वाचणारीला कळायला मार्ग राहत नाही. आता तर फोनलाच सांगितले की तो क्षणात सारांश काढून देतो. मीही करून पाहिले. भाषा इतकी सफाईदार की शंका घ्यायला जागाच नाही, आणि कलमांचे क्रमांक गायब. क्रमांक नसलेला कायदा घेऊन तहसील कार्यालयात गेले की काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की गावागावांतल्या गटांसाठी आपण सारांशाऐवजी आराखडे करावेत. पुस्तकातली प्रकरणे, कलमे, पोटकलमे आपापल्या जागी, आपापल्या क्रमांकासह, साध्या मजकुरात. नुसती अक्षरे, रंग नाही, चौकट नाही, चित्र नाही. प्रत्येक कलमाखाली रिकामी ओळ. घराचे आढे-वासे आपण उभे करून द्यायचे, कवेलू ज्यांचे घर त्यांनी घालायचे. वनहक्क कायदा काही महाभारत नाही. सहा प्रकरणे, चौदा कलमे. आमचा आराखडा असा दिसतो:

प्रकरण ३
. . कलम ४
. . . . (४) हक्क वारसाने जातो, विकता येत नाही. नवरा-बायको दोघांचे नाव. एकटीचे घर असेल तर एकटीचे नाव.
. . . . . . गटाची टीप:

सुरुवातीला टिंबे टाकली आहेत ती मुद्दाम. मोकळी जागा सोडली तर संदेश पुढे पाठवताना ती कधीकधी नाहीशी होते. टिंब कुठे जात नाही. हे आम्ही तीनदा फजिती झाल्यावर शिकलो.

हे करायचे कसे? ई-पुस्तक 'ईपब' प्रकारचे असेल तर काम सोपे. ईपब म्हणजे आत गुंडाळलेली बरीच छोटी पाने असतात आणि त्यात शीर्षक कोणते, उपशीर्षक कोणते याच्या खुणा केलेल्या असतात. 'कॅलिबर' नावाची मोफत संगणक-प्रणाली आहे, ती ईपबचा साधा मजकूर करून देते आणि सांगितले तर शीर्षकांच्या खुणाही राखते. त्या खुणा धरून आराखडा अर्ध्या तासात हाती येतो. पण आपल्या नशिबी येतात त्या बहुतेक पीडीएफ. पीडीएफला प्रकरण-कलम काही ठाऊक नसते. कोणते अक्षर पानावर कुठे बसवायचे एवढेच तिला ठाऊक असते. त्यातही जुन्या मराठी पीडीएफचे दुखणे वेगळेच. युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर उत्तम मराठी दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की अगम्य इंग्रजी अक्षरांची खिचडी पडते. सरकारी कागदांत अशी खिचडी कितीतरी आहे.

आणि पुस्तक नुसते छायाचित्रासारखे स्कॅन केलेले असेल तर यंत्राकडून अक्षरे ओळखून घ्यावी लागतात. 'टेसरॅक्ट' ही मोफत प्रणाली मराठी वाचते, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. 'ख' चा 'रव' झाला तर आपण हसून दुरुस्त करतो. '१' चा '९' झाला तर कुणाच्या लक्षात येणार? कायद्यात आकडा चुकला म्हणजे दावा चुकला. म्हणून आमच्याकडे नियम केला: एकीने मूळ पानावरून आकडे मोठ्याने वाचायचे, दुसरीने आराखड्यात बघायचे. लहानपणी आपण पाढे तपासत असू तसे. या कामाला दहावी-बारावी झालेल्या मुली पुरतात, आणि खरे सांगायचे तर त्या आपल्यापेक्षा बऱ्या करतात.

आराखड्याच्या माथ्यावर साल लिहायला विसरू नका. २००८ च्या नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती दोन-तृतीयांश होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आली, आणि हजर असलेल्यांपैकी किमान एक-तृतीयांश बायका असल्या पाहिजेत अशी अट आली. जुनी पुस्तके मात्र अजून फोनवरून फिरतच आहेत. जुना आकडा पुढे करून कुणी सभा मोडू बघेल, तेव्हा सालासकट नियम ४ दाखवता आला पाहिजे. आणि बायकांविना सभा उरकू बघेल, तेव्हाही तोच नियम.

साध्या मजकुराचे आणखी दोन फायदे. एक म्हणजे तो हलका असतो. देवनागरी अक्षराला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते, तरीही आख्ख्या कायद्याचा मजकूर एका फोटोहून लहान. जंगलातल्या गावात टेकडीवर चढल्यावर एक काडी नेटवर्क मिळते, तेवढ्यात तो उतरतो. दुसरा फायदा मला मोठा वाटतो. साधा मजकूर फोन मोठ्याने वाचून दाखवतो, स्कॅन केलेले पान नाही. आमच्या बैठकीत ज्यांना वाचता येत नव्हते त्या सहाजणींनी कलम ३ पुन्हा पुन्हा लावून ऐकले. यंत्राचे उच्चार ऐकून हसू आवरेना, पण मोहफूल, तेंदू, बांबू यांच्यावरचा हक्क त्यांना नीट कळला. त्यांच्या टिपा मुलींनी लिहून घेतल्या. गडचिरोलीकडच्या दोघींनी गोंडीत सांगितले, ते देवनागरीत जसेच्या तसे घातले.

या भागाला एकत्र बसून अभ्यास करणे नवे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट कित्येक वर्षे चालला. निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीने, पण त्याआधी अभ्यासगटात खल. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे हे बसून वाचणे-ऐकणे-भांडणे होते. त्यांच्यापाशी ई-पुस्तक नव्हते. आपल्यापाशी पुस्तके ढिगाने आहेत आणि बसणे कमी झाले आहे.

मला ठाऊक आहे, कार्यकर्त्या विचारतील, वेळ कुठे आहे? कोर्टाच्या तारखा, दारूचे अड्डे, मारहाणीच्या केसेस, त्यात हे कारकुनी काम कुणी करायचे? प्रश्न रास्त आहे. पण एक आराखडा एकदा झाला की पन्नास गावांना पुरतो, आणि सारांश मात्र दर शिबिराला नव्याने करत बसतो आपण. कारकुनी म्हणून ज्या कामाकडे आपण पाठ फिरवतो ते बाबू लोक किती जिवापाड सांभाळतात, तेही बघावे.

हक्काचा प्रश्न येतो तो प्रकाशकांच्या पुस्तकांबाबत. विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचा सगळा मजकूर काढून गटागटात वाटणे मला पटत नाही. मराठीत स्त्रियांची पुस्तके छापणारे कसेबसे तगून आहेत. तिथे शीर्षकांचा आराखडा आणि आपल्या शब्दांतल्या टिपा एवढेच करावे. कायद्याचे तसे नाही. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे विधिमंडळाचा अधिनियम भाष्यासह किंवा स्वतःच्या इतर मजकुरासह छापायला मोकळीक आहे. म्हणजे बायकांच्या टिपा घातलेला आराखडा त्यात चोख बसतो. ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या 'स्त्री-पुरुष तुलना'सारख्या पुस्तकावर तर आता कुणाचाच प्रताधिकार नाही. ते पुस्तक जवळपास शंभर वर्षे विस्मृतीत होते, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. एका दमात लिहिल्यासारखे आहे ते. त्याचा आराखडा एखाद्या गटाने स्वतः शीर्षके देऊन करावा, अशी माझी फार इच्छा आहे. कोणत्या परिच्छेदाला कोणते नाव द्यायचे यावरूनच दोन संध्याकाळी भांडण होईल.

आमच्या आराखड्यात कलम ४(४) खाली आता सात टिपा आहेत. सहावी एका बाईने लिहवून घेतली. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी चंद्रपूरला कामाला म्हणून गेला, त्याने तिकडे दुसरे घर केले. बांधी तीच कसते आहे. दाव्यात त्याचे नाव पहिले आहे. कायदा विवाहितांना दोन नावे देतो, एकटीला एक. टाकलेल्या बाईचे नाव कसे लावायचे, हे पोटकलमात नाही. तिने सांगितले, "इथं फुली नको मारू, प्रश्न लिव्ह." तिच्या ओळीपुढे मुलीने प्रश्नचिन्ह टाकले आहे, आणि सातवी टीप म्हणजे तिच्याच शेजारणीचा तोच प्रश्न. तुमच्या भागात असा दावा कुठे निकाली निघाला असेल तर काय झाले ते लिहून कळवा. कलमाचा क्रमांक तेवढा घाला, म्हणजे आम्ही ते योग्य ओळीखाली ठेवू.