प्रोजेक्टर लावला म्हणजे शिकवलं असं होत नाही

मंडळी, आजचा लेख जरा रागात लिहितोय. सांभाळून घ्या.

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाला, "दादा, सबमिशन चालू आहे, हात मोडून आलाय." आठ असाइनमेंट्स, सगळ्या हाताने लिहायच्या, रेघांच्या कागदावर, व्यवस्थित समास सोडून. उत्तरं कुठून आणलीस विचारलं तर शांतपणे म्हणतो, "चॅटजीपीटीकडून. मी फक्त उतरवून काढतोय." म्हणजे बघा, विचार करायचं काम मशीनकडे आणि झेरॉक्सचं काम माणसाकडे! आम्ही जीटी मारायचो (ग्लास ट्रेसिंग हो, काचेखाली दिवा लावून मित्राची ड्रॉइंग शीट छापायची ती अमर कला), तेव्हा निदान काय छापतोय ते डोळ्यांखालून तरी जायचं.

आणि गंमत म्हणजे याच कॉलेजच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरात छापलंय, "संपूर्ण डिजिटल कॅम्पस". प्रत्येक वर्गात प्रोजेक्टर आहे, स्मार्ट बोर्ड आहे, हजेरीला अंगठ्याचं मशीन आहे. सर येतात, पीपीटी लावतात, ती वाचून दाखवतात आणि जातात. पूर्वी खडूने फळ्यावर लिहून द्यायचे, आता पडद्यावर वाचून दाखवतात. फरक एवढाच की खडूने लिहिताना सरांचा वेग कमी असायचा, म्हणून थोडंफार डोक्यात तरी शिरायचं!

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत तंत्रज्ञानाची टंचाई नाहीये, प्रश्नांची टंचाई आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये तयार आहे तो प्रश्न मेलेला आहे. त्याला प्रोजेक्टर लावा, टॅब लावा नाहीतर एआय लावा, तो जिवंत होणार नाही.

आता एक उदाहरण देतो. या पावसाळ्यानंतर आमची टीम काशीदला गेली होती. मुंबई-पुण्याच्या आयटीवाल्यांचं हे ठरलेलं ठिकाण, तीनेक किलोमीटरचा पांढऱ्या वाळूचा किनारा आणि सोमवारी परत हापिस. जाताना चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून जो अरुंद रस्ता जातो, तिथे आम्ही तब्बल चाळीस मिनिटं अडकलो. समोरून गाड्या, मागून गाड्या, कोणी मागे घेईना. आमच्यात नुकताच जॉइन झालेला एक फ्रेशर होता. वेळ जावा म्हणून मी त्याला विचारलं, डेडलॉक म्हणजे काय रे? पोपटासारखं उत्तर आलं. चार अटी, चारही बरोबर: संसाधन एका वेळी एकालाच मिळतं, हातातलं न सोडता पुढचं मागायचं, कुणाकडून हिसकावून घेता येत नाही, आणि सगळे गोलात एकमेकांची वाट बघतात. म्हटलं, उत्तम. आता खिडकीतून बाहेर बघ.

पठ्ठ्या दहा सेकंद बघत राहिला आणि मग जो हसला! चारही अटी समोर हॉर्न वाजवत उभ्या होत्या. शेवटी लुंगीतल्या एका आजोबांनी वाडीतून येऊन एका एसयूव्हीवाल्याला दम देऊन गाडी मागे घ्यायला लावली. म्हणजे तिसरी अट मोडली आणि डेडलॉक सुटला. त्या मुलाला ऑपरेटिंग सिस्टिमला ७० च्या वर मार्क होते. मुलगा हुशारच आहे, पण चार वर्षांत त्याला कोणी खिडकीतून बाहेर बघायला सांगितलंच नव्हतं.

हे सांगायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं? काहीच नाही. पण एकदा असं सांगितलं की पुढे सॉफ्टवेअर कामाला येतं. त्याच रस्त्याचं सिम्युलेशन लिहा, दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांचं प्रमाण बदला, कुठल्या आकड्याला रस्ता तुंबतो ते बघा. ही झाली असाइनमेंट! चॅटजीपीटी कोड लिहून देईल, बेलाशक देऊ दे. पण रस्त्यावर उभं राहून गाड्या मोजायला त्याला पाठवता येणार नाही.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडे काही झालंच नाही का? झालंय की, आणि भरपूर झालंय. २००३ साली आयआयटी आणि आयआयएससीने मिळून एनपीटीईएल सुरू केलं. आज उत्तमातल्या उत्तम प्राध्यापकाचं लेक्चर माणगावच्या मुलालाही फुकट बघता येतं. आयआयटी मुंबईच्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्प आहे, दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतसुद्धा. तिथल्याच प्रा. दीपक फाटक यांनी तर एका वेळी हजारो प्राध्यापकांना इंटरनेटवरून प्रशिक्षण द्यायचा घाट घातला होता. प्रा. कवी आर्य यांची ई-यंत्र ही रोबोटिक्स स्पर्धा २०१२ पासून चालू आहे. त्यात मुलांच्या हातात थेट किट देतात आणि एखादा प्रश्न सोडवायला सांगतात. एवढं सगळं दारात येऊन पडलंय. मग अडतंय कुठे?

अडतंय ते असं, की कॉलेजने यातलं सोपं तेवढं उचललं. व्हिडिओ लावणं सोपं. सर्टिफिकेट गोळा करणं त्याहून सोपं, फाइलला लावता येतं. मुलाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन "मला उत्तर माहीत नाही, तू शोध" असं म्हणणं मात्र अवघड. त्याला शिक्षकाची छाती लागते. माझ्या कॉलेजात (नाव सांगत नाही, तुमच्याही कॉलेजात हेच असणार) मायक्रोप्रोसेसरच्या लॅबला आठ किट होती, त्यातली पाच बंद. उरलेल्या तिनांवर प्रयोग "दाखवला" जायचा. बंद पडलेली पाच किट उघडून दुरुस्त करणं हाच सेमिस्टरचा सगळ्यात भारी प्रयोग झाला असता की राव! पण त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते ना.

असो. काशीदला परत येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथेच आहे.

रायगड जिल्हा म्हणजे इंजिनिअरिंगची एक अवाढव्य, उघड्यावरची आणि अतिशय क्रूर प्रयोगशाळा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसकट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. त्याच वर्षी २४ ऑगस्टला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ माणसं गेली, आणि ती इमारत काही शंभर वर्षं जुनी नव्हती. जुलै २०२१ च्या पावसात काशीदजवळचाच जुना पूल पडला, त्यातही एकाचा जीव गेला. ज्या रस्त्याने आपण भजी खात, गाणी लावून बीचवर जातो ना, तोच हा रस्ता.

आणि याच जिल्ह्यात, लोणेऱ्याला, १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. राज्यभरातली कितीतरी कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. मी त्यांना दोष देत नाहीये, पण मला एक सांगा. महाराष्ट्रातल्या किती सिव्हिलच्या वर्गांत पहिल्याच दिवशी विचारतात की "सावित्रीचा पूल का पडला असेल? तुमचे तीन अंदाज लिहा, आणि प्रत्येक अंदाज तपासायला कुठली माहिती लागेल तेही लिहा"? पुराच्या पाण्याने खांबाच्या पायाखालची माती कशी उकरली जाते हा धडा पुस्तकात आहेच. पण तो पाच मार्कांच्या "शॉर्ट नोट" मध्ये आहे.

निसर्गचं घ्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. विजेचा खांब म्हणजे जमिनीत रोवलेला कॅन्टिलिव्हर. पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आलं की एखादा खांब कुठल्या वेगाला वाकेल याचा अंदाज मुलाला काढता येतो. मग गावात जाऊन बघायचं, खांब बुंध्यापाशी वाकले की पायासकट उपटले? पुस्तकातलं गणित आणि जमिनीवरचा खांब जुळत नाहीत तेव्हा कुठे खरं इंजिनिअरिंग सुरू होतं.

तंत्रज्ञान कुठे येतं यात? खिशात! प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने २०१६ मध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप काढलं, त्याने फोनमधले सेन्सर थेट प्रयोगाला वापरता येतात. कोकणात ओढ्याओढ्यावर साकव आहेत. साकवाच्या मध्यावर फोन ठेवा, मित्राला उड्या मारायला लावा, कंपनं नोंदवा. आता ती आकडेवारी घेऊन त्याची नैसर्गिक वारंवारता काढायची तर काय लागतं? एम-थ्री मधला फुरिअर! ज्याच्यापायी अर्ध्या महाराष्ट्राला केटी लागली तोच फुरिअर. दरवर्षी एका बॅचने तोच साकव मोजला आणि आकडा हळूहळू खाली येताना दिसला, तर त्याचा ताठपणा तर कमी होत नाहीये ना, हा प्रश्न उभा राहतो. हे ग्रामपंचायतीला सांगता येईल. खर्च? एसटीचं तिकीट.

नाहीतर मुरुडसमोरचा पद्मदुर्ग बघा, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला बांधलेला. तिथल्या तटातले दगड खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी झिजून आत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र अजून तसाच उभा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा चुना दगडाला पुरून उरला तो कशामुळे? मटेरिअल सायन्सचं अख्खं सेमिस्टर या एका प्रश्नावर चालवता येईल. आपण तिथे जाऊन काय करतो? सेल्फी काढतो.

नेहमीचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला: "असं करत बसलो तर सिलॅबस संपणार नाही." अहो, संपवून तरी काय होतंय? हार्वर्डच्या एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास कळलं की आपली मुलं गणितं फटाफट सोडवतात, पण साध्या भाषेतल्या न्यूटनच्या प्रश्नाला अडखळतात. हार्वर्डची मुलं, बरं का! मग त्यांनी पद्धत बदलली: एक प्रश्न टाकायचा, सगळ्यांनी उत्तर द्यायचं, शेजाऱ्याशी भांडायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. याला मशीन मिळालं तर उत्तम, नाहीतर बोटं वर केली तरी चालतं. २०१४ साली विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून बघितले गेले. निव्वळ लेक्चर ऐकणाऱ्या मुलांची नापास व्हायची शक्यता कृतीतून शिकणाऱ्यांच्या दीडपट निघाली. त्यामुळे सिलॅबसची सबब आता पुरे.

दुसरा: "आमच्या मुलांची तेवढी कुवत नाही." हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी २००८ मध्ये उपग्रह बनवायला घेतला. एकेक बॅच पास होऊन गेली, पुढच्या बॅचने हातात घेतला, आणि २२ जून २०१६ ला एक किलोच्या आसपास वजनाचा 'स्वयम्' पीएसएलव्हीतून अवकाशात गेला. एवढ्याशा उपग्रहाला दिशा द्यायला वीज खर्च करणं परवडत नाही, म्हणून त्यांनी आत चुंबक बसवला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तो होकायंत्रासारखा आपोआप वळतो. वीज शून्य! क्रिएटिव्ह थिंकिंग म्हणतात ते हे. हातात कमी आहे म्हणून डोकं जास्त चालवणं. सीओईपीला प्रवेश मिळवणारी मुलं निवडक असतात हे मान्य. पण शाळा सुटलेल्या पोरांना हातात हत्यारं देऊन शिकवायचं काम डॉ. श्रीनाथ कलबागांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ पासून केलंच की. एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये त्याच विज्ञान आश्रमात आली. तेव्हा कुवतीचं मला सांगू नका.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. शिक्षक बिचारा तासिका तत्त्वावर, पगार वेळेवर नाही, वरून नॅकच्या आणि एनबीएच्या फाइली. त्याने साकवावर कधी जायचं? एकदम मान्य. म्हणून माझा राग त्याच्यावर नाही. राग आहे तो स्मार्ट बोर्डाला पैसे काढणाऱ्या आणि शिक्षकाच्या पगाराला हात आखडणाऱ्या संस्थाचालकांवर. बोर्ड फोटोत दिसतो, चांगला शिक्षक दिसत नाही, हे त्यामागचं साधं गणित.

माझ्या मागण्या फार नाहीत. हाताने जर्नल उतरवणं बंद करा, तोच वेळ लॅबला द्या. प्रत्येक विषयात निदान दोन प्रयोग असे ठेवा ज्यांचं उत्तर सरांनाही माहीत नाही. परीक्षेत एक तरी प्रश्न फोन आणि एआय उघडं ठेवून सोडवायला द्या, आणि तो असा काढा की फोन असूनही डोकं लागेल. यातल्या कशालाही टेंडर काढावं लागत नाही.

आणि आपण, एसी हापिसात बसून "हल्लीच्या फ्रेशर्सना काही येत नाही" म्हणणारे? आपल्याकडे आठवड्याला दोन सुट्ट्या आहेत आणि रोज हाताळलेले खरेखुरे प्रश्न आहेत. कंपनीचं गुपित न फोडता त्यातला एखादा नक्की सांगता येतो. पुढच्या वेळी कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्याचं आमंत्रण आलं, की वॉटर कूलर भेट देऊ नका. आपल्या जुन्या विभागप्रमुखांना फोन करून सेमिस्टरमधले दोन शनिवार आणि एक लॅब मागा. सर नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात परत मागा. मी माझ्या कॉलेजला गेल्याच आठवड्यात मेल टाकलाय. तुम्ही कधी टाकताय?