उभ्या पायाचा फोटो

गळीत हंगामात आष्ट्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. भरल्या ट्रॉलीवरून उतरताना एखाद्याचा पाय अडकतो, टाच वर राहते आणि अंगाचा सगळा भार पंजावर येतो. पाऊल सुजते. ‘मुरगळलाय’ म्हणून घरी लेप लागतो, कुणीतरी तेल लावून चोळून देतो. दवाखान्यात फोटो काढला तरी ‘हाड शाबूत आहे’ असे ऐकून माणूस निर्धास्त होतो. दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस उसाच्या सरीतून लंगडत चालत असतो.

अशा वेळी दुखावतो तो पावलाच्या मधला सांधा; त्याला लिस्फ्रांक हे नाव आहे. झाक लिस्फ्रांक (मृत्यू १८४७) हा नेपोलियनच्या काळातला फ्रेंच सर्जन. १८१५ साली त्याने या सांध्यातून पुढचे पाऊल कापण्याची शस्त्रक्रिया मांडली. म्हणजे ज्या सांध्याला आपण आज वाचवायला धडपडतो, त्याची पहिली ओळख झाली ती कापण्याची जागा म्हणून. आत काय निखळले आहे हे जिवंत माणसाच्या पायात पाहण्याचे साधन तेव्हा नव्हतेच.

ते एक्स-रेच्या रूपाने आले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, राँटगेनच्या प्रयोगशाळेत. त्याच्या वर्षभर आधी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले होते. पुढे १९६२ मध्ये तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. हाड मोडले की मिरज गाठायची, हे आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या पक्के झाले. १९७१ मध्ये हाउन्सफील्डच्या यंत्रातून लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन निघाला, त्यानंतर एमआरआय आला. पाहण्याची साधने एवढी वाढली, तरी ही दुखापत झालेल्या जवळपास पाचांतल्या एकाचे निदान पहिल्या तपासणीत चुकते, असे वैद्यकीय ग्रंथ आजही सांगतात.

त्याचे कारण या सांध्याच्या रचनेत आहे. दगडी कमानीत मधला दगड दोन्ही बाजूंच्या दगडांत घट्ट बसवतात, तसे अंगठ्याशेजारच्या बोटाचे लांब हाड मागच्या छोट्या हाडांच्या खाचेत बसलेले असते. त्याला आतल्या बाजूच्या हाडाशी एक जाड अस्थिबंध धरून ठेवतो. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांच्या बुडांना एकमेकांशी जोडणारा बंध मात्र नसतो. तो एक अस्थिबंध तुटला, की कमान मोकळी होते. पण रुग्ण टेबलावर पडलेला असतो तेव्हा पावलावर भार नसतो, हाडे आपापल्या जागी दिसतात आणि फोटो स्वच्छ येतो. उभे राहताच ती हाडे फाकतात. फट दोन मिलिमीटरच्या वर गेली तर डॉक्टरांनी संशय धरायचाच. दोन मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या निम्मे अंतर. ते शोधायला शेजारी चांगल्या पायाचाही फोटो लागतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की इथे यंत्राच्या किमतीपेक्षा फोटो कसा काढला याला जास्त मोल आहे. दोन्ही पायांवर उभे करून काढलेला साधा एक्स-रे तालुक्याच्या दवाखान्यातही निघू शकतो. त्याला वेगळे यंत्र लागत नाही, पाच मिनिटे जास्त लागतात. दुखण्यामुळे पहिल्या दिवशी उभे राहता येत नसेल, तर पायाला आधार देऊन आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा. तोवर त्या पायावर चालू नये. तरीही शंका उरली तर सीटी बारीक तुकडे दाखवतो, एमआरआय तुटलेला बंध दाखवतो.

दुखापतीनंतर पाऊल उलटून तळवा पाहा. बाहेरून जखम नसताना तळव्याच्या मधोमध निळे-काळे रक्त साकळलेले दिसले, तर ती साधी लचक समजू नका. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपावे. संवेदना कमी झालेल्या पायात हाडे निखळली तरी वेदना फारशी जाणवत नाही, फक्त पाऊल गरम होते आणि सुजते.

तालमीतला पैलवान असो, ऊसतोड मजूर असो की शाळकरी मुलगी, पंजाच्या मध्यावर दुखते आणि चवड्यावर उभे राहता येत नाही, अशी स्थिती असेल तर पाऊल चोळू देऊ नका. दवाखान्यात गेल्यावर निःसंकोच विचारा, ‘डॉक्टर, उभे राहून दोन्ही पायांचा फोटो काढता का?’