अडतीस हजारांची पोतडी

जिथे माळा कधी भरत नाही, कपाटाचे दार फुगत नाही, कसर लागत नाही आणि रद्दीवाला फिरकत नाही, अशा घरात माणसाचा पसारा किती वाढेल? माझा ३८ हजार जिनसांवर गेला आहे.

वाचकांनी दचकू नये. आमचे बिऱ्हाड ठाण्यात दोन खोल्यांतच आहे, आणि तिथे आणखी एक पातेले ठेवायचे म्हटले तरी सौ.ची परवानगी लागते. हा पसारा आहे ‘सेकंड लाइफ’ नावाच्या संगणकातल्या दुनियेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने ती २००३ च्या जून महिन्यात सर्वांसाठी उघडली, आणि ती आजही चालू आहे. तिथे आपल्या वतीने एक बाहुली हिंडते, गप्पा मारते, घर बांधते, बाजारहाट करते. तिला ‘अवतार’ म्हणतात. शब्द आपलाच, साहेबाकडून फिरून परत आलेला. यात जिंकणे-हरणे नाही, म्हणून याला खेळ म्हणावे की नाही, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. मी २००८ पासून तिथे जातो. सौ. त्याला ‘तुमचं दुसरं बिऱ्हाड’ म्हणते.

या अवताराजवळ एक अदृश्य पोतडी असते. इंग्रजीत तिला इन्व्हेंटरी म्हणतात. कपडे, केस, जोडे तर तिच्यात असतातच. पण चालण्याची ढब, हसण्याची लकब, झाडे, तळी, अख्खा दुमजली बंगलासुद्धा घडी घालून तिच्यात मावतो. ठेवण्याचे भाडे नाही. वस्तू झिजत नाही, विटत नाही. त्यात दुकानदार उदार: अमुक फुकट, तमुक भेट. कपडा विकत घेण्याआधी घालून पाहायला नमुना देतात, त्याला ‘डेमो’ म्हणतात. तो अंगावरून उतरतो पण पोतडीतून जात नाही. २०११ साली ‘मेश’ नावाची नवी घडण आली. मग निरनिराळ्या कारागिरांची शरीरे निघाली, आणि एकाच सदऱ्याच्या डब्यात पाच-सहा शरीरांच्या मापांचे पाच-सहा सदरे येऊ लागले. माझे शरीर एकच; पण सदरे सगळे पोतडीत.

पोतडीला वर शोधाची एक चौकट आहे. नाव टाका, वस्तू हजर! ऐकायला सोपे आहे. पण नाव ठेवलेले असते दुकानदाराने. मला हवा असतो निळा कोट, आणि त्याने त्याला ‘मिडनाइट’ म्हटलेले असते. निळा म्हणून जन्मभर शोधा, सापडायचा नाही. दुसरे म्हणजे पुष्कळ वस्तू डब्यात बंद येतात, आणि शोधाला डब्यावरचे नाव दिसते, आतले नाही. बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी ठेवणाऱ्या घरांना हे जास्त समजावून सांगायला नको. डबा उघडायचा तर बहुधा तो जिथे वस्तू मांडायची मुभा असेल अशा जमिनीवर नेऊन मांडावा लागतो. शिवाय आत शिरल्याबरोबर सगळी यादी काही हाती येत नाही. ती कंपनीच्या संगणकावरून हळूहळू उतरते, आकडा वाढत राहतो. तो थांबण्याआधी शोध घेतला तर वस्तू असूनही ‘नाही’ असे उत्तर मिळते. नवखी माणसे तेवढ्यात चोरी झाल्यासारखा गिल्ला करतात.

गेल्या दिवाळीच्या आधी मी ही पोतडी आवरायला काढली. तिथल्या एका अनुभवी गृहस्थांनी दोन नियम सांगितले. ‘डेमो’ हा शब्द शोधा आणि जे येईल ते सगळे फेका. मग ‘ऑब्जेक्ट’ शोधा आणि तेही फेका. पहिला नियम सोन्यासारखा निघाला; एका संध्याकाळी चार हजार जिनसा कमी झाल्या. दुसऱ्यालाही कारण होते. त्या दुनियेत कोणी काही नवे घडवायला घेतले, की प्रथम प्लायवूडच्या रंगाचा अर्ध्या मीटरचा एक ठोकळा उमटतो आणि त्याचे नाव ‘ऑब्जेक्ट’ असे आपोआप पडते. ज्याला नावसुद्धा मिळाले नाही, ती वस्तू बहुधा अर्धवट राहिलेलीच असते. माझ्याकडे अशी २१४ निघाली.

ती फेकण्याआधी मला एक आकाशकंदील हवा होता. कॅनडातल्या एक बाई तिथे माझ्या शेजारी राहत. वयाने माझ्या थोरल्या बहिणीएवढ्या. २०१४ च्या दिवाळीत मी त्यांना कंदिलाचे वर्णन सांगितले, आणि त्यांनी तीन रात्री बसून तो घडवला. झिरमिळ्यांसकट. २०१९ पासून त्या दिसेनाशा झाल्या, आणि पुढे त्यांच्या एका मैत्रिणीकडून कळले की त्या गेल्या. तो कंदील यंदा ओसरीवर लावावा, असे मनात आले. इंग्रजीत कंदील शोधला, दिवा शोधला, दिवाळी शोधली. काही नाही.

सौ. पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. म्हणाली, “अहो, वस्तूचं नाव आठवत नाही तर देणाऱ्याचं शोधा की! आपल्या लग्नातली भांडी आपण कशी ओळखतो?”

आमच्या घरच्या पितळी डब्यांवर आणि तांब्यांवर अजून आहेर करणाऱ्यांची नावे आहेत. काही माणसे जाऊन चाळीस वर्षे झाली, पण ‘मामांचा तांब्या’ रोज पाण्याला लागतो. सेकंड लाइफमध्येही प्रत्येक वस्तूवर तिच्या कर्त्याचे नाव असेच कोरलेले असते, आणि ते कोणाला पुसता येत नाही. ती दुनिया पाहण्यासाठी मी ‘फायरस्टॉर्म’ नावाचे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात शोधाच्या चौकटीला सांगता येते की वस्तूचे नाव नको, कर्त्याचे पाहा. पाहिले. बाईंच्या हातच्या सात वस्तू आल्या. सहांना नावे होती. सातवी ‘ऑब्जेक्ट’.

दोनशे चौदांपैकी एक.

आता दुसरी गोष्ट. वस्तू देताना तिची नक्कल करायची, तिच्यात बदल करायचा, ती पुढे द्यायची, यांची परवानगी कर्ता ठरवतो. त्याने खुणा बदलल्याच नाहीत तर आपोआप एवढेच ठरते, की ही पुढे देता येईल, पण नक्कल नाही आणि बदलही नाही. बाईंनी जसे नाव घातले नव्हते, तशा त्या खुणांनाही हात लावला नव्हता. म्हणजे हा कंदील जगात एकच. कचऱ्याच्या टोपलीत टाकून ती रिकामी केली असती तर दुसरा कुठून आणणार? बदलाला मनाई म्हणजे मला त्याचे नावही बदलता येत नाही. तो ‘ऑब्जेक्ट’च राहायचा. तेव्हा मी एक नवे फोल्डर केले, त्यावर ‘दिवाळी कंदील’ लिहिले आणि बाईंचे नाव घातले. फोल्डरचे नाव आपल्या हातात असते, आणि शोधाला तेही दिसते.

चार दिवस कंदील ओसरीवर लावला आणि भाऊबीजेच्या रात्री उतरवून ठेवला. जागा भाड्याची आहे. मुदत चुकली की मालक सगळे एका गाठोड्यात बांधून पोतडीत परत पाठवतो.

उरलेले ‘ऑब्जेक्ट’ मी आता एकेक करून पाहतो. रात्री जेवणानंतर पाच-सहा, त्याहून जास्त नाही. सौ.ही कधी कधी खुर्ची ओढून बसते. परवा एकातून मोडकी खुर्ची निघाली, दुसऱ्यातून नुसताच प्लायवूडचा ठोकळा. त्याच्या कर्त्याचे नाव वाचून मला कोणीच आठवेना.

“पण ठेवा,” सौ. म्हणाली.